बुडालेल्या डोंगरावर परत

प्रिय कुशल,

'प्रिय' हा शब्द पत्राच्या डोक्यावर लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला. त्यातून दुसरं काही काढू नकोस. जावई म्हणून तुला आजवर 'तुम्ही' म्हणत आलो, तू दारात आलास की या गुडघ्यांनी खुर्चीतून उठून उभा राहत आलो. ते आता बंद. बायकोला माहेरी टाकून पुण्याला निघून गेलेल्या माणसासाठी मी उठत नाही. आणि 'माहेरी टाकून' हा शब्द भव्याला आवडत नाही, म्हणून तिच्या माघारी लिहितोय. ती म्हणते, अप्पा, मी काय गाठोडं आहे का टाकायला?

फोनच करणार होतो. पण माझा फोन तुला लागत नाही. तू तो अडवून ठेवलास हे मला कळतं, मी शिकलेला नसलो तरी खुळा नाही. रोज सकाळ-संध्याकाळ फोन करून बोलायचो, ते तुला सोसलं नाही. पत्र तुला अडवता येणार नाही. पोस्टमन दारातून आत टाकून जातो. आणि हे पत्र तुमच्या तिकडच्या मराठीत लिहितोय, कारण आमचं तंजावरी मराठी तू एकदा जेवताना 'संग्रहालयात ठेवायला पाहिजे' म्हणाला होतास. सगळे हसले. मी पण हसलो, पण विसरलो नाही. आठवीत माझी शाळा सुटली. पुढं अंबत्तूरच्या कारखान्यात सांगलीचा एक फोरमन होता, त्याचा हात थरथरायचा, म्हणून घरी जाणारी पत्रं तो सांगायचा आणि मी लिहायचो. सासऱ्याला कसं झापायचं ते मी त्याच्या पत्रांतून शिकलो. जावयाला कसं झापायचं ते आज स्वतःच्या डोक्यानं करतोय.

बातमी ही आहे की भव्या परत चालली आहे. त्याच ठिकाणी. समुद्रातला तो बुडालेला डोंगर, मालदीवच्या कुठल्या तरी लांबच्या बेटावरून बोटीनं जायचं, चारी बाजूंना जमीन दिसत नाही, आणि त्या डोंगराचं शिखर पाण्याखाली आपल्या कपालीश्वराच्या देवळाच्या गोपुराएवढं खोल. तिथं खालून थंड पाणी वर येतं, त्याच्याबरोबर लहान मासे येतात, लहानांच्या मागं मोठे, आणि मोठ्यांच्या मागं ते हातोड्यासारख्या डोक्याचे शार्क. एवढं मला पाठ झालंय. म्हातारपणी माणसाला स्तोत्रं पाठ असावीत. मला शार्क पाठ आहेत.

तिला समजावून झालं, ओरडून झालं, दोन वेळा न जेवता बसलो. तिसऱ्या वेळी तुझ्या सासूनं ताट उचलूनच नेलं. म्हणाली, "उपाशी राहायचं तर रहा, पण तोंड बंद ठेवून रहा." हेमावतीला काळजी नाही असं नाही, तिची काळजी कानासारखीच झालीय, जवळ जाऊन मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू येत नाही. मी तिला म्हटलं, तमिळ मासी महिन्यात देवळातले देवसुद्धा समुद्रावर न्हायला येतात, पण गुडघाभर पाण्यातूनच परत फिरतात, ही का फिरत नाही? तर म्हणते, "देवांना माणसं खांद्यावर उचलून आणतात, त्यांना कुठं स्वतःच्या मनानं पुढं जाता येतं?" या घरात मला सरळ उत्तर देणारं कुणी उरलेलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. हे सगळं तुझ्यामुळं आहे. माझी मुलगी लग्नाआधी मरीनावर पाय भिजवायची, चप्पल हातात धरून. दातांची डॉक्टर झाली, दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावायची, संध्याकाळी संगीत सभेत जाऊन गाणं ऐकायची. तू आलास नाशिकहून, गाड्यांच्या कारखान्यातला इंजिनियर, मराठी बोलणारा, म्हणून आम्ही हरखलो. मराठी मुलगा मिळाला, मुलगी भाषेत राहील. तुझ्या अंगात हे पाण्याचं खूळ आहे हे तुझ्या आईनं पत्रिकेबरोबर सांगायला हवं होतं. पाँडिचेरीला नेऊन तू तिला पाठीवर टाकी बांधलीस. मग अंदमान. मग आमच्या गच्चीच्या दोरीवर तो काळा रबरी सूट वाळत दिसायला लागला. खालच्या मजल्यावरच्या आजी, अलमेलू पाटी, पहाटे तुळशीला पाणी घालायला वर आल्या आणि माणूस लटकलाय समजून जिन्यातच बसल्या. त्यांना लिंबू सरबत मी दिलं, तू नाही.

पाँडिचेरीला निघताना मी तुला विचारलं होतं, पाण्याखाली हिला काही झालं तर? तू तेव्हा मोठ्या धीरानं सांगितलंस, की अप्पा, पाण्यात कुणी एकटं नसतं. प्रत्येकाला एक बडी, म्हणजे जोडीदार, असतो. उडी मारायच्या आधी एकमेकांची टाकी, पट्टे, हवा तपासायची. खाली एकमेकांवर नजर ठेवायची. आणि एकानं 'वर चला' अशी खूण केली की दुसऱ्यानं वाद घालायचा नाही, दोघांनी वर यायचं. वर आल्यावर सुद्धा का म्हणून विचारायचं नाही. मी म्हटलं, हा नियम जमिनीवर असता तर किती संसार सुखाचे झाले असते. तू हसलास. मला तेव्हा तू आवडला होतास. हे लिहायचं नव्हतं, लिहून गेलं. खोडत नाही, कागद घाण दिसतो.

मग नवरात्राच्या आधी तुम्ही दोघं त्या डोंगरावर गेलात. त्या दिवसाची गोष्ट मी भव्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की आता मीच तिथं होतो असं वाटतं. जॅकेटमध्ये हवा न भरता उडी मारायची आणि दगडासारखं सरळ खाली जायचं, नाहीतर पाण्याची ओढ शिखरावरून पलीकडं घेऊन जाते. खाली गेल्यावर खडकाला आकडा अडकवायचा आणि दोरीला धरून ओढीत पतंगासारखं लटकायचं. तुम्ही लटकलात. आधी दोन-तीन शार्क लांबून आले, वळले, गेले. भव्या म्हणते, निळ्या पाण्याच्या मागं काहीतरी गडद होत होतं, भिंत पुढं सरकावी तसं. तिनं ज्याच्यासाठी इतकी वर्षं शिकून घेतलं, ते येत होतं. आणि तेवढ्यात तू तिच्यासमोर आलास आणि वर चलायची खूण केलीस. तिनं मान हलवली, नाही. तू परत खूण केलीस. तिनं तुझा हात झटकला. तर तू तिचा आकडा खडकातून काढलास, तिचा पट्टा धरलास आणि तिला घेऊन निघालास. वर यायच्या आधी थोड्या खोलीवर थांबावं लागतं म्हणे, नाहीतर रक्तात बुडबुडे धरतात. तेवढा वेळ तुम्ही दोघं नवरा-बायको एका दोरीला धरून, एकमेकांकडं पाठ करून लटकत होता. हे तिनंच सांगितलं, आणि सांगताना तिला रडू आलं नाही, राग आला.

बोटीवर तू म्हणालास की तुझ्या श्वासाचे फुगे वर जायच्या ऐवजी खाली जाताना दिसले. पाणी खाली ओढायला लागलं होतं. असेल. मला काय कळतं? पण बोटीवरची बाकीची मंडळी खालीच राहिली आणि सगळी हसत वर आली. त्यांनी कॅमेऱ्यात दाखवलं, आकाश झाकून टाकील एवढा शार्कांचा थवा डोक्यावरून गेला. त्यांचे फुगे वरच जात होते. ती बाई, ती केरळची, तिनं भव्याचा दंड धरून म्हटलं, "अरेरे, तू तेवढी राहिलीस." तेव्हा भव्यानं तुला विचारलं, का? नियमात विचारायचं नसतं, तरी विचारलं. आणि तू पुन्हा तेच फुग्यांचं सांगितलंस. ती म्हणाली, तू घाबरलास एवढं म्हण. तू ते म्हणाला नाहीस. तुझं तोंड तेव्हापासून जे बंद झालं ते आजपर्यंत बंद आहे.

आणि नवरात्रात घरी बाहुल्या मांडल्या त्या कोलूच्या दिवशी, पाहुण्यांना हरभऱ्याचा सुंदल वाटत असताना, मी जे बोललो ते बोललो. आमचे जावई शार्कला पाठ दाखवून आले, असं म्हटलं. लोक हसले. भव्या सगळ्यात मोठ्यानं हसली. तू हातातला द्रोण बाहुल्यांच्या पायरीवर ठेवलास, माझ्याकडं बघितलंही नाहीस, तिच्याकडं बघितलंस आणि चपला घालून गेलास. सुंदल तसाच राहिला, मुंग्या लागल्या. मग पुण्याची बदली. मी ते वाक्य परत घेतलेलं नाही, या पत्रातही घेत नाही. सासऱ्यानं थट्टा केली म्हणून संसार मोडायचा तर आमच्या समाजात एकही घर उभं राहिलं नसतं.

पण एक गोष्ट तुला सांगून टाकतो, हा तुझा खरा गुन्हा. तू तिला अर्धंच दाखवलंस. अजिबात नेलं नसतंस तर ती आज सभेत गाणं ऐकत बसली असती. पूर्ण बघू दिलं असतंस तर मन भरलं असतं, पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कुठल्या तरी डोंगरावर, कोरड्या, देवळाच्या डोंगरावर गेली असती. पण तू दारापर्यंत नेलंस आणि तोंडावर दार लावलंस. आता ती ते दार उघडल्याशिवाय राहत नाही. रुग्णाचा दात काढताना सुद्धा तिच्या डोळ्यांत तो थवा असतो, असं तिच्या दवाखान्यातली मुलगी मला म्हणाली. मी तिथं जबड्याचा एक्सरे काढायला गेलो होतो. माझा दात दुखत नव्हता. मुलगी दिसावी म्हणून गेलो होतो.

मी नोचिकुप्पमला पण जाऊन आलो. आयुष्यात मासळीबाजारात पाय न टाकलेला माणूस, उपरण्यानं नाक झाकून. तिथं एक बाई टोपलीत लहानसा शार्क घेऊन बसली होती. इकडं त्याला सुरा म्हणतात. बाळंतिणीला दूध यावं म्हणून त्याचा चुरा करून खायला घालतात. मी विचारलं, अम्मा, हा माणसाला खातो का? ती म्हणाली, "सामी, आम्ही त्याला खातो. तो बिचारा कुणाला खाणार?" मी सांगितलं, माझी मुलगी याला बघायला समुद्राच्या मध्यात जातेय. तिनं विचारलं, धरायला नाही? नाही. विकायला नाही? नाही. खात पण नाही? आमच्यात मासे नसतात. तशी ती बाई एवढी हसली की शेजारच्या दोघी उठून आल्या. "नुसतं बघायचंय तर इथं पाठव की, फुकट दाखवते. ओला व्हायची पण गरज नाही." मला पण हसू आलं असतं. पण मग त्यातली एक म्हातारी गंभीर होऊन म्हणाली, की सुऱ्याला घाबरू नका, पाण्याला घाबरा, आमची माणसं सुऱ्यानं नाही गेली. तेव्हापासून फोनवर समुद्राच्या नकाशातले वाऱ्याचे बाण बघत बसतो. निळे असले तर बरं म्हणे, लाल झाले की हेमावतीला नेऊन दाखवतो.

आता तिच्या नव्या बडीचं ऐक. विश्वेश नावाचा आहे, तांबरमला राहतो, कॉम्प्युटरमध्ये आहे. तुझ्या जागी तो. भव्या म्हणते फक्त पाण्यातला सोबती आहे, अप्पा, बाकी काही नाही, त्याला बायको आहे, तिचं नाव हेमलता, हवं तर बोलून घ्या. मी ते विचारलंच नव्हतं. मी त्याला कॉफीला बोलावलं. मुलगा चांगला आहे, हे मला कबूल करावं लागतं आणि त्याचाच मला ताप होतो. पाया पडला. हेमावतीच्या कानाशी वाकून बोलला. तिनं त्याला दुसऱ्यांदा कॉफी दिली, तुला कधी दिली होती का? त्यानं आपला कॅमेरा दाखवला, दोन्हीकडं दिवे, खेकड्यासारखा. तो म्हणाला, "अंकल, या वेळी तो थवा असा शूट करतो की तुम्ही खुर्चीत बसून घाबराल." मी म्हटलं, मी आत्ताच खुर्चीत बसून घाबरलेलो आहे. मग मी त्याला विचारलं, तू कधी मधूनच वर आला आहेस का? कुणाला खूण करून, सगळं सोडून? तो छाती काढून हसला. "एकदा पण नाही, अंकल! वर यायचं म्हणून मी खाली जात नाही." भव्या टाळी वाजवून हसली. हेमावतीला ऐकू आलं नाही, तरी ती पण हसली.

मी हसलो नाही, कुशल. माझ्या कॉफीवर साय धरली, मी तिच्याकडं बघत बसलो. त्या मुलाला भीती म्हणजे काय ते माहीत नाही. तो काचेतून बघणार, थवा आला की त्याचे दोन्ही हात कॅमेऱ्यावर असणार. आणि माझी मुलगी या वेळी कुणी वर ओढत नाही म्हटल्यावर कुठवर जाईल? ती थांबणारी नाही. थांबवणारं असतं ते दुसरं कुणीतरी असतं. तू तिच्याबरोबर जायचास तेव्हा मी घाबरत नव्हतो असं समजू नकोस. घाबरत होतोच. पण दुपारी जेवल्यावर डोळा लागायचा. गेल्या आठवड्यापासून लागत नाही. मी पडून राहतो, पंखा बघतो, आणि मला सारखे खाली जाणारे फुगे दिसतात. लोक हसले म्हणून ते खोटे होत नाहीत ना? संकट आपल्या डोक्यावरून निघून गेलं म्हणून ते नव्हतंच, असं म्हणायचं का?

काल भव्या न्हाणीघरात पायाचे ते लांब रबरी पंख धूत होती. मी दारात उभा राहून विचारलं, समजा कुशल आला तर? तिनं नळ बंद केला नाही. एकच पंख धूत राहिली, स्वच्छ झालेला, परत परत. मग म्हणाली, "तो येणार नाही, अप्पा." खोलीत येऊन मी ते वाक्य उलटसुलट करून बघितलं. येणार नाही म्हणाली. येऊ नये म्हणाली नाही. नको म्हणाली नाही. तुझं नाव निघालं तरी ओरडली नाही.

बोटीवर अजून एक जागा रिकामी आहे, तेवढं मी विश्वेशकडून काढून घेतलंय. त्याला हवं तर दुसऱ्या कुणाबरोबर जाईल, कॅमेरा सांभाळणारा कुणीही चालेल त्याला. मी तुला माफी मागायला लावणार नाही आणि स्वतःही मागणार नाही. तू भित्रा आहेस असंच मी लोकांना सांगत राहीन, आणि तिथं खाली मला तसाच माणूस पाहिजे. ये. तिच्याशी बोलू नकोस, भांडलात तरी चालेल, बोटीवर तोंड फिरवून बसा. फक्त उडी मारायच्या आधी तिचे पट्टे तू तपास. आणि तो थवा आला, सगळ्यांच्या माना वर झाल्या, की तू वर बघू नकोस. ते मासे बघायला तिथं पुष्कळ लोक असतील. तू तिच्याकडं बघ. वर आणावंसं वाटलं तर आण. ती ओरडेल, मी पण ओरडेन. आण.

तुला अजून दुसरा सासरा मिळालेला नाही, तोवर तुझाच,
रंगा राव